फज रवाळ होतो, नाहीतर आळतच नाही: विदर्भातल्या स्वयंपाकघरासाठी उपाय

अम्युझमेंट पार्कमधल्या दुकानात काचेमागे ठेवलेला फज कापला की कड सरळ राहते आणि तुकडा तोंडात काही न कचकचता विरघळतो. तोच घरी केला की दोन तक्रारी येतात. एक, दाताखाली साखर कचकच लागते, पहिल्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी नक्की. दुसरी, ताटात ओतलेलं मिश्रण संध्याकाळपर्यंत तसंच चिकट राहतं, वडी पडत नाही. मग लोक कोको बदलतात, लोणी वाढवतात, महागाचं चॉकलेट आणतात. दोष बहुतेक वेळा मालात नसतोच. पाक कुठवर नेला आणि सराटा कधी फिरवला, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. विदर्भात त्यात तिसरी भर पडते ती स्वयंपाकघरातल्या उष्णतेची. फजच्या बहुतेक पाककृती थंड देशांसाठी लिहिलेल्या आहेत, त्यामुळे त्यात हा भाग नसतो.

आधी फज म्हणजे काय ते समजून घ्यावं, म्हणजे पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. फज म्हणजे साखरेच्या अतिशय बारीक कणांची वडी. कण इतके बारीक की जिभेला वेगळे कळत नाहीत, आणि त्यांच्या मधे थोडा पाक, लोणी आणि दूध. कण मोठे झाले की फज रवाळ लागतो. कण तयारच झाले नाहीत तर तो टॉफीसारखा चिकट राहतो. म्हणजे दोन्ही तक्रारी एकाच गोष्टीच्या आहेत.

पार्कातला फज मऊ कसा राहतो, त्यात गुपित फारसं नाही. अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीच्या दुकानांत तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाक करून तो संगमरवरी फरशीवर ओततात आणि लांब दांड्याच्या पात्यानं उलटापालटा करत त्याची लांबट लादी वळतात. संगमरवर उष्णता भराभर ओढून घेतो. पुष्कळ दुकानांत आता तयार मिश्रण वापरतात आणि तापमान आपोआप सांभाळणारं, स्वतःच हलवणारं भांडं असतं. त्यामुळे रोजचा माल एकसारखा निघतो. पण या मिठाईची सुरुवात वसतिगृहातल्या साध्या भांड्यांतूनच झाली. १८८६ साली बाल्टिमोरमध्ये फज ४० सेंटला एक पौंड (सुमारे साडेचारशे ग्रॅम) विकला जात होता, आणि १८८८ साली अमेरिकेतल्याच व्हॅसर या तेव्हाच्या मुलींच्या कॉलेजातल्या एमेलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीनं तो ३० पौंड करून विकला होता. साखर, साय, चॉकलेट आणि लोणी एवढेच जिन्नस. संगमरवर नव्हता, यंत्र नव्हतं. घरी न जमण्याचं काही कारण नाही.

प्रमाण

खालचं सगळं या एका घाण्याच्या हिशेबानं आहे. बारीक दाण्याची साखर ४०० ग्रॅम, म्हशीचं न पातळ केलेलं दूध २४० मिली, गोडी नसलेला कोको ४० ग्रॅम, द्रव ग्लुकोज ३० ग्रॅम, मीठ चिमूटभर, लोणी ४० ग्रॅम, व्हॅनिला एक छोटा चमचा. सव्वासहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर फज होतो. १५ सेंटिमीटर चौकोनी डब्यात ओतला तर जाडी दोन सेंटिमीटरच्या जवळपास येते.

द्रव ग्लुकोज नागपूर, अमरावती, अकोल्यात बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतं. ते साखरेचे मोठे कण बनू देत नाही. गावात मिळालं नाही तर एक मोठा चमचा मध घ्यावा. लिंबू पिळू नये. साखर-पाण्याच्या पाकात लिंबू हेच काम करतं, पण इथे दूध आहे, ते फाटेल. आणि ग्लुकोज चांगलं म्हणून दुप्पटही घालू नये. ६० ग्रॅमच्या पुढे गेलं की फज चिवट होतो आणि कितीही घोटला तरी आळत नाही.

घाणा दुप्पट करायचा मोह होतो, विशेषतः पोळ्याला किंवा पाहुणे येणार असले की. दुप्पट घाणा थंड व्हायला दुपटीहून जास्त वेळ घेतो आणि मधला भाग गरम असताना कडेला साखर बसू लागते. त्यापेक्षा दोन वेगळे घाणे करावेत.

रवाळ होत असेल तर

पहिली शंका साखरेची. ती उकळी येण्याआधी पूर्ण विरघळली पाहिजे. दूध, साखर, कोको, ग्लुकोज आणि मीठ जाड बुडाच्या तीन लिटरच्या गंजात घ्यावं (मिश्रण फसफसून वर येतं, लहान भांडं चालत नाही) आणि मंद आचेवर सतत हलवावं. चमच्याच्या मागच्या बाजूला थेंब घेऊन बोटानं चोळून पाहावं. कण लागत असेल तर अजून उकळू द्यायचं नाही. याला दहा मिनिटं लागली तरी लागू द्यावीत. किराणा दुकानातल्या सुट्या साखरेत पोत्याचे तंतू असतात. असा एक तंतूही साखर बसायला पुरतो. म्हणून साखर विरघळली की मिश्रण एकदा गाळून घ्यावं.

दुसरी शंका गंजाच्या भिंतीची. हलवताना वर उडालेला पाक तिथे सुकतो, साखर होतो आणि खाली पडला की सगळा घाणा फिरवतो. उकळी फुटली की दोन-तीन मिनिटं झाकण ठेवावं, म्हणजे वाफेनं भिंत धुतली जाते. पण तिथेच उभं राहून. दूध उतू जायला वेळ लागत नाही. मग झाकण काढून ओल्या ब्रशनं कड पुसून घ्यावी.

उकळी आल्यावर जोरात ढवळू नये. दूध आणि कोको असल्यानं बुडाला लागण्याची भीती असते, म्हणून सराटा अधूनमधून फक्त तळावरून हळू फिरवावा, कड खरवडू नये. चुलीवर करायचं असेल तर जाळ काढून निखाऱ्यावर करावं. जाळ एका बाजूला लागतो आणि दूध तिथेच करपतं. पातळ ॲल्युमिनियमचं पातेलं कुठल्याच शेगडीवर नको.

तिसरं, आणि सगळ्यात जास्त घाणे इथेच बिघडतात: गॅस बंद केल्याबरोबर घोटायला सुरुवात करणं. बर्फीची सवय असलेला हात हेच करतो, कारण खव्याची बर्फी गरम असतानाच घोटून थापायची असते. फजला हे चालत नाही. शंभर अंशांच्या आसपास पाक हलवला तर साखरेचे थोडेच कण जन्मतात आणि उरलेली सगळी साखर त्यांच्यावरच चढत जाते, म्हणून ते मोठे होतात. तोच पाक न हलवता ४५ अंशांपर्यंत आणला आणि मग घोटला तर एकाच वेळी असंख्य कण तयार होतात आणि कुणालाच वाढायला साखर उरत नाही. म्हणून गॅस बंद केल्यावर लोणी वरून नुसतं ठेवायचं, व्हॅनिला ओतायची, आणि हात लावायचा नाही. गंज हलवायचा नाही, भांड्याला धक्का लागू द्यायचा नाही, चव बघायला चमचा बुडवायचा नाही. थर्मामीटर लावायचा असेल तर पाक गरम असतानाच आत ठेवून द्यावा, पुन्हा पुन्हा आत-बाहेर करू नये.

पाक कुठवर न्यायचा

समुद्रसपाटीला ११४ अंश सेल्सियस. आपल्याकडे पाणी थोडं आधी उकळतं, नागपूरच्या उंचीवर साधारण ९९ अंशांना, आणि चिखलदऱ्याला सुमारे १,१०० मीटरवर ९६च्या जवळपास. म्हणून नियम असा धरावा: आपल्या थर्मामीटरनं आपल्या घरी उकळत्या पाण्याचं तापमान बघायचं आणि त्यात १४ मिळवायचे. थर्मामीटर एक-दोन अंश चुकीचा असला तरी यानं हिशेब बरोबर येतो. नागपूर-वर्ध्याकडे तो आकडा ११३ होतो.

सुईचा किंवा डिजिटल, २०० अंशांपर्यंत जाणारा स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्यावा. कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची बंदूक उपयोगाची नाही, ती तापाच्या आकड्यांपुरतीच असते. शाळेच्या प्रयोगशाळेतला पाऱ्याचा तर अजिबात नको. त्यातले बरेचसे ११० पर्यंतच असतात, पुढे नळी फुटू शकते आणि पारा पाकात जाईल.

थर्मामीटर नसेल तर वाटीत थंड पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब टाकतात. बोटांनी मऊ गोळी वळली, आणि पाण्याबाहेर काढल्यावर बोटावर हळूहळू चपटी झाली, की पाक झाला. यात एक अडचण आहे, ती मे महिन्यात दर घरी येते. छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी अंघोळीला सोसवत नाही इतकं तापलेलं असतं. त्या पाण्यात बरोबर झालेल्या पाकाचीही गोळी होत नाही, म्हणून आपण तो आणखी पाच मिनिटं उकळतो, आणि फज दगडासारखा होतो. चाचणीला माठातलंच पाणी घ्यावं, आणि दर वेळी नवीन.

याहून पक्की खूण वजनाची आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. रिकामा गंज आधी तोलून आकडा लिहून ठेवावा. वरच्या प्रमाणातलं मिश्रण लोणी सोडून सुमारे ७१५ ग्रॅम भरतं. ते ५६५ ते ५७५ ग्रॅमवर आलं म्हणजे जेवढं पाणी जायला हवं तेवढं गेलं. काट्यावर लाकडी पाट ठेवून काटा शून्यावर आणावा, मग गरम गंज त्यावर ठेवावा. थर्मामीटरला वाफेत वाचण्यापेक्षा हे सोपं पडतं, आणि आकडा कुठल्याही गावात तोच राहतो.

मे महिन्यात: थंडच होत नाही

घोटायला ४५ अंश हवेत. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मेच्या दुपारी बाहेरच तेवढे असतात आणि ओट्याजवळ त्याहून जास्त. पाक तासन्‌तास ५० च्या वर अडून राहतो, मग कंटाळून घोटला जातो आणि रवाळ होतो. कडप्प्याचा ओटा हिवाळ्यात संगमरवराचं काम करतो, पण मे महिन्यात तोही तापलेला असतो.

पहाटे पाचला करणं हा सगळ्यात सोपा उपाय. ते जमत नसेल तर गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं गंज तसाच राहू द्यावा. मग परातीत माठाचं पाणी दोन-तीन सेंटिमीटर घालून त्यात गंज अलगद ठेवावा. पाणी गरम झालं की परातीतून वाटीनं काढून नवीन घालावं, गंज उचलू नये. बर्फाचं पाणी वापरू नये. कडेचा थर झटकन गार होऊन तिथेच साखर बसते आणि आतला भाग गरमच राहतो. गंज बाहेरून हाताला नुसता कोमट लागला, पण आतलं मिश्रण अजून चकाकत असलं, तर वेळ झाली.

कूलरबद्दल जपून. खोली गार होते म्हणून लोक फज कूलरसमोर ठेवतात. कूलर हवेत पाणी सोडतो, आणि साखर हवेतलं पाणी ओढते. वरून ओलसर, बोटाला चिकटणारा फज झाला की कारण बहुधा तेच असतं. कूलरच्या खोलीत ठेवायचाच असेल तर झाकून.

घोटणं

४५ अंशांवर आला की लाकडी सराट्यानं घोटायला घ्यावं आणि मधे थांबू नये. दहा ते पंधरा मिनिटं लागतात. सुरुवातीला मिश्रण काळपट, काचेसारखं चमकणारं आणि ओढलं की तार येणारं असतं. हळूहळू रंग एक छटा उजळतो. मग सराट्यामागे पडलेली रेघ बुजायला वेळ लागू लागतो. शेवटी चमक एका बाजूनं जाऊ लागते, जणू कोणी वरून पावडर भुरभुरली. ती चमक गेली रे गेली की ओतायचं. इथून मिनिटभराचीच सवड असते. लोणी लावलेला डबा, आत बटर पेपर, हे सगळं आधी तयार हवं.

विजेचा बीटर वापरला तर हा क्षण इतक्या झपकन येतो की मिश्रण पात्यालाच घट्ट होऊन बसतं. हातानं घोटलेलं बरं, आणि वीज कधी जाईल याची चिंताही नाही.

हमखास बारीक कण हवे असतील तर घोटायला सुरुवात करतानाच मागच्या चांगल्या घाण्यातला चमचाभर फज किसून टाकावा, किंवा दोन छोटे चमचे पिठीसाखर. साखर त्या बारीक कणांवर बसते. क्षुल्लक वाटणारा हा उपाय फार कामाचा आहे.

सुकामेवा अगदी शेवटी, भाजून आणि कोमट करून. गडचिरोली, मेळघाटकडची चारोळी फजमध्ये सुंदर लागते, पण ती लवकर खवट होते, म्हणून प्रत्येक पुडीतली एक चावून बघावी. एक खवट पुडी सगळा घाणा वाया घालवते.

संत्र्याचा फज करणाऱ्यांसाठी एक इशारा. रस घालू नये, तो आंबट असतो, दूध फाटतं, पाण्याचा हिशेबही चुकतो. संत्र्याची फक्त नारिंगी साल बारीक किसणीवर किसून, घोटताना घालावी. खालचा पांढरा भाग आला की कडू लागतं. गुळाचंही तसंच: अर्धी साखर काढून गूळ घातला तर उकळत्या दुधात फाटण्याची शक्यता बरीच असते. करायचाच असेल तर हरभऱ्याच्या डाळीएवढा खायचा सोडा दुधात आधी घालावा. त्यानं रंग गडद होतो, चवीला फरक पडत नाही.

आळला नाही, भुगा झाला, तूप सुटलं

रवाळ झालेला, चिकट राहिलेला आणि कडक झालेला, तिन्ही फज परत करता येतात. तुकडे गंजात घालून १८० मिली पाणी घालावं, मंद आचेवर एकही कण उरू न देता विरघळवावं, आणि सगळं पहिल्यापासून: झाकण, कड पुसणं, ठरलेलं तापमान, न हलवता थंड करणं, घोटणं. वजनाचा हिशेब करताना आधी घातलेलं ४० ग्रॅम लोणी धरावं, म्हणजे या वेळी आकडा ६१०च्या आसपास हवा. चिकट राहिलेला असेल तर एक अंश जास्त न्यावा. रंग थोडा गडद होतो, कॅरॅमलसारखा (जळक्या साखरेसारखा) वास येतो, तो वाईट नसतो. पण हे एकदाच. तिसऱ्यांदा उकळलं की दूध करपट लागतं.

घोटता घोटता गंजातच भुगा झाला तर पुन्हा शेगडीवर चढवायची गरज नाही. एक-दोन छोटे चमचे गरम दूध शिंपडून परातीत हाताच्या तळव्यानं पेढ्यासारखं मळावं. पाच-सात मिनिटांत मऊ होतो. थापून वड्या पाडाव्यात किंवा पेढेच वळावेत.

तूप सुटून वर तेलकट थर आला असेल तर लोणी जास्त पडलंय किंवा पाक फार तापलाय. मोठा चमचाभर गरम दूध घालून जोरात घोटलं की बहुधा परत मिळून येतं. मे महिन्यात लोणी ४० ऐवजी ३० ग्रॅमच घ्यावं, कारण त्या हवेत ते डब्यातही सुटतं.

कंडेन्स्ड मिल्क आणि चॉकलेट वितळवून करायचा झटपट फज रवाळ होत नाही, हे खरं. पण तो साखरेच्या कणांवर उभा नसतो, चॉकलेटच्या चरबीवर उभा असतो, आणि कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. दिवाळी-संक्रांतीला तो छान होतो. एप्रिल ते जून आपल्याकडे तो फ्रिजबाहेर वडी म्हणून राहतच नाही. उन्हाळ्यात विकायचा असेल तर पाकाचाच करावा.

ठेवणं आणि जत्रेत नेणं

कापण्याआधी तासभर द्यावा. सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून, एका दाबात खाली न्यावी, करवतीसारखी चालवू नये. वड्या त्याच दिवशी बटर पेपरमध्ये वेगवेगळ्या गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात. हिवाळ्यात आठवडाभर चांगल्या राहतात. पावसाळ्यात पाक एक अंश जास्त न्यावा, आणि उघड्या ताटात रात्रभर ठेवूच नये.

फ्रिजमध्ये ठेवला तर बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर गार वडीवर दव धरतं आणि वरची साखर विरघळते. हीच चूक जत्रेच्या दुकानात होते: थंड डब्यातून वड्या काढून लगेच ताटात मांडल्या जातात, दहा मिनिटांत त्या घामेजतात, मग माश्या. दुकानात एका वेळी वीस-पंचवीस वड्याच मांडाव्यात, त्याही गुंडाळलेल्या, सावलीत, पाळण्याच्या आणि रस्त्याच्या धुळीपासून दूर. बाकीचा डबा ओल्या गोणपाटात गुंडाळून खाली ठेवावा, पण डब्याचं झाकण चिकटपट्टीनं बंद करून, म्हणजे गोणपाटाचा ओलावा आत जात नाही. विक्री करायची तर एफएसएसएआयची (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची) नोंदणी लागते, आणि पुडीवर दूध व सुकामेवा असल्याचं आणि केल्याची तारीख लिहावी. शेंगदाणा किंवा अक्रोड न चालणारी मुलं जत्रेत येतातच.